माहिती व्यवस्थापनात पदव्युत्तर पदवी घ्यावी का? चोपड्याच्या एका तरुणाला उत्तर

प्रश्न असा आहे. चोपडा तालुक्यातला एक तरुण, वय २६, बी.कॉम. झालेला, चार वर्षांपासून एका पतसंस्थेत कॉम्प्युटर आणि दप्तर दोन्ही सांभाळतो. त्याला माहिती व्यवस्थापनात पदव्युत्तर पदवी घ्यायची आहे. ग्रंथालयशास्त्राचं एम.लिब. करावं, एमबीए करावं, की केळीचं तीन एकर रान गहाण टाकून परदेशात जावं, हे त्याला कळत नाही. शिवाय घरचे विचारतात, "लायब्ररीयन होऊन काय दिवे लावणार?"

भाऊ, शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करते, कारण आतून तुम्हाला तोच कुरतडतोय असं दिसतं. मीही तो ऐकलाय. २००१ मध्ये बी.लिब.ला नाव घातलं तेव्हा शिरपूरला आमच्या गल्लीतल्या बायका आईला विचारायच्या, "पोर काय शिकी राह्यनी?" आई सांगायची, "पुस्तकं मांडानं शिकी राह्यनी." तिचं चुकत नव्हतं, पण ते अर्धंच होतं. मांडायला काय, कुणीही मांडेल. उद्या कोण मागायला येईल, कुठल्या घाईत येईल आणि कुठलं नाव घेऊन येईल, हे मांडतानाच ओळखावं लागतं. पगार त्याचा मिळतो. हे मला पदवीनं शिकवलं नाही, एका फजितीनं शिकवलं. ती आधी सांगते, म्हणजे पदवीकडून काय मागायचं ते तुम्हाला कळेल.

एका शिक्षणसंस्थेनं जुनी जनरल रजिस्टरं, म्हणजे शाळेत कोण कधी दाखल झालं त्याच्या नोंदवह्या, स्कॅन करायचं काम मला दिलं. एम.लिब. होऊन तीनच वर्षं झाली होती, अंगात उत्साह मावत नव्हता. दोन पोरं हाताशी घेऊन अकरा महिन्यांत चाळीस हजारांवर पानं स्कॅन केली. फाइलींची नावं मशीनच देत होतं: स्कॅन_०००१, स्कॅन_०००२. फोल्डर कशाचे? तर ज्या दिवशी स्कॅन केलं त्या दिवसाचे. हार्ड डिस्क संस्थेच्या हवाली केली, शाल-श्रीफळ घेतलं, फोटो काढला.

चार महिन्यांनी तळोद्याकडचा एक माणूस आला. मुलीच्या जात पडताळणीसाठी त्याला आपल्या वडिलांचा प्रवेश निर्गम उतारा हवा होता. वडील साधारण १९६१ मध्ये शाळेत दाखल झालेले. प्रवेशाची मुदत आठ दिवसांवर. मला बोलावणं आलं. कॉम्प्युटर उघडला, तर आत चाळीस हजार चित्रं आणि एकाही चित्राला आपण कोण ते सांगता येत नव्हतं. दोन तास मी एकेक फाइल उघडून बघत बसले. शेवटी निवृत्तीला टेकलेले वरिष्ठ लिपिक उठले, मागच्या खोलीत गेले आणि वीस मिनिटांत रजिस्टर घेऊन आले. म्हणाले, "मॅडम, एकसष्टचं रजिस्टर लाल पाठीचं आहे. तुमच्या कॉम्प्युटरला लाल रंग माहीत नाही."

मुलीचं काम झालं. लिपिक त्याच जूनमध्ये निवृत्त झाले, आणि संस्थेची खरी सूची त्यांच्याबरोबर घरी गेली.

मी काय करायला हवं होतं? रजिस्टरं जेमतेम तीनशे होती. प्रत्येकाचा क्रमांक, शाळेचं नाव, कुठल्या वर्षापासून कुठल्या वर्षापर्यंत, पहिला आणि शेवटचा नोंदणी क्रमांक, एवढं एका तक्त्यात भरायचं आणि फाइलीच्या नावात घालायचं. रजिस्टरामागे पाच मिनिटांचं काम. या पाच मिनिटांच्या कामाला शास्त्रात मेटाडेटा म्हणतात आणि त्यावर आख्खा पेपर असतो. मला त्यात चांगले गुण होते! केळीचा ड्युई क्रमांक, म्हणजे पुस्तकं विषयवार लावायचा आकडा, ६३४.७७२, आजही झोपेतून उठवून विचारा. पण पुस्तकापलीकडच्या वस्तूला, म्हणजे रजिस्टराला, फाइलीला, एक्सेलच्या तक्त्याला तोच विचार लावायचा असतो, हे वर्गात कुणी सांगितलं नव्हतं. की सांगितलं होतं आणि मी परीक्षेपुरतं ऐकलं, देव जाणे.

आता पदव्यांचं. आपल्याकडे "माहिती व्यवस्थापन" अशी पाटी लावलेलं एकच दार नाही. दारं बरीच आहेत आणि आत गेल्यावर वेगवेगळ्या घरांत पोचता.

पहिलं दार ग्रंथालय व माहितीशास्त्राचं. जुन्या पद्धतीत बी.लिब. एक वर्ष, मग एम.लिब. एक वर्ष. काही विद्यापीठांत दोन वर्षांचा सलग अभ्यासक्रम आहे. कुठल्याही शाखेच्या पदवीधराला प्रवेश मिळतो, तुमचं बी.कॉम. आड येत नाही. नोकरी न सोडता करायचं तर नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ आणि इग्नू हे दोन सरळ मार्ग. तालुक्याच्या गावी बसस्टँडसमोर दुसऱ्याच राज्यातल्या विद्यापीठाचा बोर्ड लावून "सहा महिन्यांत एम.लिब." देणारे दिसले तर तिकडे फिरकू नका. दूरशिक्षणाचा कोणताही अभ्यासक्रम घेण्याआधी, त्या वर्षी, त्या विद्यापीठाला, त्याच विषयासाठी यूजीसीच्या दूरशिक्षण विभागाची मान्यता आहे का, हे त्यांच्या यादीत स्वतः बघा. एजंटानं दाखवलेली झेरॉक्स धरू नका.

या दारात एक खोली वेगळी आहे: बेंगळुरूचं डीआरटीसी. भारतीय ग्रंथालयशास्त्राचे जनक डॉ. रंगनाथन यांनी १९६२ मध्ये सुरू केलेलं केंद्र, भारतीय सांख्यिकी संस्थेचा भाग. तिथला दोन वर्षांचा एम.एस. पूर्णवेळ आहे, प्रवेश परीक्षेनं मिळतो, शिकवणी शुल्क नाही आणि वर विद्यावेतन मिळतं. ग्रंथालयशास्त्राला तिथे गणित आणि संगणकाची भक्कम जोड आहे. ती परीक्षा निघाली तर पतसंस्थेला राजीनामा द्या आणि भुसावळहून गाडी पकडा. दुसरा विचार करू नका. फक्त प्रश्नपत्रिका इंग्रजीत असते, आणि बारावीनंतर गणिताला हात लावला नसेल तर सहा महिने आधी बसावं लागेल.

दुसरं दार एमबीएचं, माहिती प्रणाली हा विषय घेऊन. सीईटी द्यायची, दोन वर्षं, आणि शुल्क एम.लिब.च्या कितीतरी पट. बी.कॉम.वाल्याला हे दार ओळखीचं वाटतं, म्हणून सगळे तिकडेच वळतात. माझं मत स्पष्ट सांगते: चांगल्या कॉलेजात नंबर लागला तरच करा. एमबीएत तुम्हाला कंपनी पैसे कशावर खर्च करते आणि प्रकल्प कसा हाकतात हे कळेल. पण एका कागदाचं वर्णन कसं करावं, तो किती वर्षं ठेवावा, कुणाला दाखवावा, हे तिथे कुणी फारसं शिकवत नाही. आणि तिसऱ्या फळीतल्या कॉलेजचं एमबीए घेऊन आलेली पोरं जळगावात मी रोज बघते. ती विमा विकतात. विमा विकण्यात वाईट काही नाही, पण त्यासाठी दोन वर्षं आणि कर्ज कशाला?

तिसरं दार अभिलेखांचं, आणि आपल्या भागात त्याची किंमत कुणी ओळखली नव्हती. २०२३ मध्ये कुणबी नोंदी शोधायला न्यायमूर्ती शिंदे समिती नेमली गेली, जिल्ह्याजिल्ह्यांत अभिलेख कक्षांतले जुन्या कागदांचे रुमाल सुटले, आणि मोडी लिपी वाचणारा माणूस कुठे मिळतो म्हणून शोधाशोध झाली. तोवर मोडी म्हणजे हौस समजली जायची. धुळ्याला राजवाडे संशोधन मंडळात आणि समर्थ वाग्देवता मंदिरात कागद आणि हस्तलिखितं बघून या एकदा. दिल्लीला राष्ट्रीय अभिलेखागाराचा अभिलेखशास्त्राचा एक वर्षाचा डिप्लोमा आहे. एम.लिब., मोडी आणि अभिलेखांचं प्रशिक्षण, हे तिन्ही एका माणसाकडे असलेले खानदेशात मला हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेही ठाऊक नाहीत.

आता परदेश. ब्रिटनमध्ये शेफिल्डला, अमेरिकेत सिएटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठात आणि मेरिलंडला खरोखरच "माहिती व्यवस्थापन" याच नावाच्या पदव्युत्तर पदव्या आहेत. ब्रिटनमध्ये एक वर्ष, अमेरिकेत साधारण दोन. शिक्षण उत्तम आहे यात वाद नाही. माहिती वापरणाऱ्या माणसाचा अभ्यास, विदेचं, म्हणजे डेटाचं, नियमन, गोपनीयता हे तिथे खोलात शिकवतात, आपल्याकडे वरवर. पण तीन एकर गहाण टाकून? नाही. तुमचं पुढचं सगळं तिथला व्हिसा आणि तिथला नोकरीबाजार ठरवणार, आणि त्या दोन्हींवर तुमचा ताबा नाही. राज्य सरकारच्या परदेश शिष्यवृत्त्या आहेत. तुम्ही कुठल्या प्रवर्गात बसता ते बघा, अटी वाचा, अर्ज करा. शिष्यवृत्ती मिळाली तर अवश्य जा. केळीचा भाव एका हंगामात कसा आपटतो हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. त्या भावावर परदेशी कर्जाचा हप्ता बांधायचा नसतो.

नोकऱ्यांचं थोडक्यात. कॉलेजचा ग्रंथपाल व्हायचं तर पदव्युत्तर पदवीला ५५ टक्के आणि नेट किंवा सेट ही पात्रता परीक्षा. राखीव प्रवर्गाला पाच टक्क्यांची सवलत. सेट आपल्याकडे सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ घेतं. परीक्षा निघते, जागा निघायला वेळ लागतो, आणि तोवर कंत्राटी कामावर राबावं लागतं. सार्वजनिक वाचनालयांचं तर बोलूच नका. १९६७ च्या कायद्याखाली अ, ब, क, ड वर्गांत अनुदान मिळतं, पण तिथल्या सेवकाच्या हातात पडणारा पैसा बघून मला लाज वाटते.

पण काम फक्त ग्रंथालयात आहे असं कुणी सांगितलं? गेली दहा वर्षं माझं निम्मं उत्पन्न पुस्तकांशिवायचं आहे. हॉस्पिटलला मानांकन हवं की रुग्णांच्या कागदांची खोली लावावी लागते. कॉलेजात मानांकन देणाऱ्या नॅकची समिती यायची असली की पाच वर्षांचे पुरावे शोधायला मला रात्री साडेदहाला फोन येतो. रावेर-यावलची केळी परदेशी जायची तर पॅकहाउसमधल्या खोक्यावरचा क्रमांक शेताच्या गटापर्यंत मागे जाता आला पाहिजे. हे सगळं माहिती व्यवस्थापनच आहे, फक्त तिथे त्याला कुणी ते नाव देत नाही.

आणि तुमची पतसंस्था! कर्जाच्या फायलीत सभासदाच्या आणि दोन जामीनदारांच्या आधारच्या झेरॉक्स असतील. कर्ज फिटल्यावर त्यांचं काय होतं? कुणी ठरवलंय? २०२३ मध्ये वैयक्तिक विदा संरक्षणाचा कायदा झाला. दप्तराचं कपाट आता नुसतं अडगळीचं राहिलेलं नाही, ते जबाबदारीचं झालंय. सरकारी कार्यालयांवर तर २००५ च्या माहिती अधिकार कायद्याच्या कलम ४ नुसार सगळे अभिलेख सूचीबद्ध ठेवायची जबाबदारी पहिल्या दिवसापासून आहे. कागद सहा गठ्ठ्यांत विभागून ठेवायची सहा गठ्ठा पद्धत लावणारा जुना लिपिक हे काम पदवीशिवाय करत होताच. त्याला आपण माहिती व्यवस्थापक म्हटलं नाही, एवढंच.

आता जे शिकवलं जात नाही आणि आपल्याच माणसांना करावं लागणार आहे, त्याबद्दल जरा सविस्तर लिहिते. मराठीतली माहिती.

कुठल्याही मराठी सूचीत "खानदेश" शोधा, मग "खान्देश" शोधा. दोन वेगळे निकाल येतील. कॉम्प्युटरला हे दोन वेगळे प्रदेश आहेत. त्यात इतिहासाची भर: १९०६ मध्ये खानदेशाचे पूर्व आणि पश्चिम असे दोन जिल्हे झाले, १९६० मध्ये पूर्व खानदेशाचा जळगाव आणि पश्चिमेचा धुळे झाला, १९९८ मध्ये धुळ्यातून नंदुरबार निघाला. शहाद्याच्या एका पाटचारीचे कागद शोधणाऱ्यानं कुठल्या जिल्ह्याच्या नावाखाली बघायचं? ते कागद कुठल्या साली झाले त्यावर अवलंबून. आपलं विद्यापीठच घ्या. १९९० मध्ये उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ म्हणून सुरू झालं, २०१८ पासून कवयित्री बहिणाबाई चौधरी यांचं नाव लागलं. एकाच विभागातले, एकाच मार्गदर्शकाकडचे दोन प्रबंध दोन नावांखाली बसलेले असू शकतात. जुनं नाव पुसायचं नाही आणि नवं लपवायचं नाही. दोन्हींपैकी काहीही टाइप केलं तरी दोन्ही सापडतील अशी गाठ मारायची. या गाठीला प्राधिकृत नोंद म्हणतात. पेपरात पाच गुणांची टीप म्हणून येते, धंद्यात हिच्यावाचून पान हलत नाही.

त्याहून बारीक गंमत सांगते. "ऱ्हस्व" हा शब्द दोन तऱ्हांनी टाइप होतो. एकात नुक्त्याचा ऱ असतो, दुसऱ्यात साधा र, हलन्त आणि न दिसणारा एक जोडवर्ण. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात. शोधताना मात्र एक सापडतो आणि एक सापडत नाही. "सातपुड्याच्या दऱ्या" शोधून शून्य निकाल आला तर पुस्तक नाही असं समजू नका. कुणीतरी दुसऱ्या की-बोर्डवर टाइप केलंय. आणि युनिकोडच्या आधीच्या फॉण्टांत केलेल्या याद्या उघडल्या तर नुसतीच चिन्हांची खिचडी दिसते, ती वेगळीच.

अहिराणीचं दुखणं आणखी निराळं. गाण्यांच्या, लग्नातल्या ओव्यांच्या जुन्या कॅसेटी कुठल्या वाचनालयात असल्याच तर भाषेच्या रकान्यात "मराठी" लिहिलेलं असतं. अहिराणीला भाषांच्या आंतरराष्ट्रीय यादीत स्वतःचा संकेत आहे, ए-एच-आर. तो रकान्यात घातला नाही तर उद्या अहिराणी शोधणाऱ्याला ती कॅसेट दिसणारच नाही. एम.लिब.ला शेवटी लघुप्रबंध असतो. "अमुक कॉलेजातील विद्यार्थ्यांच्या वाचनसवयी" या विषयावरचे प्रबंध कपाटं भरभरून आहेत, त्यात भर घालू नका. असा एखादा जिवंत विषय घ्या.

तर तुमच्यासाठी माझा सल्ला. पतसंस्था सोडू नका. मुक्त विद्यापीठातून किंवा इग्नूतून बी.लिब. आणि एम.लिब. करा. त्याच काळात नेट-सेटची तयारी. डीआरटीसीची परीक्षा एकदा देऊन बघा, हरकत काय आहे? संध्याकाळी जुन्या लॅपटॉपवर कोहा टाका. न्यूझीलंडच्या एका ग्रंथालयानं बनवून घेतलेलं, २००० पासून चालणारं, ग्रंथालयाचं काम सांभाळणारं फुकट सॉफ्टवेअर आहे. माओरी भाषेत कोहा म्हणजे भेट. थोडं एसक्यूएल, म्हणजे डेटाबेसमधून माहिती काढायची भाषा, शिका.

आणि ओपनरिफाइन नावाचं, विस्कटलेल्या याद्या साफ करायचं, तेही फुकट, साधन घेऊन सभासद यादीची एक प्रत त्यात ओता. तुमच्या गावात पाटील किती असतील ते मी विचारत नाही. एकच माणूस "रा. सो. पाटील", "पाटील रा. सो." आणि "पाटिल रा सो" असा तीनदा बसलेला मिळेल. शब्द उलटसुलट असलेले साधन आपोआप जवळ आणतं, ऱ्हस्व-दीर्घाला दुसरी पद्धत लावावी लागते. पण ते तिघं खरंच एक आहेत की चुलतभाऊ, हे साधन सांगणार नाही. ते गट नंबर आणि वडिलांच्या नावावरून तुम्हालाच ठरवावं लागेल. मी एका जिनिंगच्या यादीत दोन चुलतभावांना एक करून टाकलं होतं. कापसाचं पेमेंट एकाच्या खात्यात गेलं आणि दुसरा माझ्या दारात आला. म्हणून यादीची प्रत घ्या, मूळ यादीला हात लावू नका. आणि व्यवस्थापकांना आधी विचारा, यादी लोकांची आहे.

शेवटचं एक काम, प्रवेशाचा अर्ज भरायच्याही आधीचं. तुमच्या पतसंस्थेत जुन्यांतला जुना जो कुणी असेल, त्याला एका संध्याकाळी कपाटांसमोर बसवा. कुठलं रजिस्टर कुठे आहे, ते तिथेच का आहे, कशावरून ओळखायचं, हे विचारा आणि वहीत लिहून घ्या. पाठीचा रंगसुद्धा लिहा. चहा तुमच्याकडून.